भांगलणीतून सुटलेलं गवत

पहिला दिवस : बेळगाव

बावीस वर्षं मी कोल्हापुरात बारावीच्या पोरांना उत्क्रांती शिकवतोय आणि बावीस वर्षं फळ्यावर तेच इंग्लंडातले काळे-पांढरे पतंग, धुराने काळवंडलेल्या खोडांवर ज्यांतले काळे वाचले ते किडे. पतंगांत वाईट काही नाही, पण समोरच्या बाकावरच्या पोराला मँचेस्टरच्या धुराड्यांशी काय देणंघेणं? जुलैत चार दिवस मोकळे मिळाले तेव्हा ठरवलं, खानापूरकडे आत्याच्या गावी जायचं आणि वाटेत जे दिसेल त्यातून हा धडा शिकवता येतो का ते बघायचं.

संकेश्वरच्या पुढे पावसाने एसटीच्या काचा झोडपायला सुरुवात केली. बेळगावात टिळकवाडीला आतेभावाकडे उतरलो. त्याचा मुलगा सेकंड पीयूसीला, म्हणजे आपल्या बारावीला, सायन्सला. "काका, तुम्ही नेमकं काय बघायला आलाय ओ?" त्याने विचारलं.

"सरडा," मी म्हटलं.

त्याला हसू आवरेना. पण हा सरडा साधा नाही. माळरानावर राहतो, नराच्या गळ्याखाली कातडीची घडी असते. विणीच्या दिवसांत तो दगडावर चढतो आणि ती घडी पंख्यासारखी फडकवतो. निळा, काळा, नारिंगी असे रंग एकदम उघडे पडतात. २०१६ साली या पंखेवाल्या सरड्यांचा नव्याने अभ्यास झाला, तेव्हा मोठ्या रंगीत पंख्यांच्या जाती एका वेगळ्या गटात काढाव्या लागल्या, आणि त्या गटाचं शास्त्रीय नाव ठेवलं गेलं 'सरडा'. लॅटिन नाही, ग्रीक नाही, आपला मराठीच. त्यातल्या एका जातीचं नाव आहे 'सरडा डार्विनी'. म्हाताऱ्या डार्विनला आपल्याकडचं एवढं घरगुती नातं दुसऱ्या कुणी जोडून दिलं नसेल.

दुपारी पुतण्याच्या गाडीवर मागे बसून येळ्ळूरचा राजहंसगड गाठला. वर धुकं इतकं की गडाचा बुरूज हाताशी आला तेव्हा कळलं. सरडा कुठला! हा सगळा पंख्यांचा खेळ उन्हाळ्यातला, कोरड्या तापलेल्या माळावरचा. मी प्राणिशास्त्राचा मास्तर, आणि उन्हाळ्यातला तमाशा बघायला पावसाळ्यात आलो होतो. पुतण्या काही बोलला नाही, फक्त घरी गेल्यावर आईला सांगितलं, "काका सरडा हुडकायला पावसात गेलते."

खाली चहाच्या टपरीवर भिजलेले बसलो तेव्हा त्याला साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठाराची गोष्ट सांगितली. तिथे पवनचक्क्या आहेत. चक्क्यांमुळे शिकारी पक्षी कमी झाले आणि पक्षी कमी म्हणून सरडे वाढले, असं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. शिवाय चक्क्यांजवळचे सरडे माणूस बराच जवळ येईपर्यंत पळत नाहीत.

"म्हणजे नॅचरल सिलेक्शन," पुतण्या म्हणाला.

इथेच पोरं घसरतात, आणि पोरांचे मास्तरही. सरडा धीट झाला, एवढ्यावरून नैसर्गिक निवड झाली असं म्हणता येत नाही. घार दिसली नाही तर एकाच सरड्याची भीड त्याच्याच आयुष्यात चेपू शकते. निवड म्हणायची तर धीटपणा आईबापाकडून पिल्लात उतरला पाहिजे, आणि धीटांची पिल्लं भित्र्यांपेक्षा जास्त जगली पाहिजेत. सरड्यांत आधीपासून फरक असणं, तो वारशाने उतरणं आणि त्या फरकाने पिल्लांच्या संख्येत फरक पडणं, ही तीनही कलमं भरल्याशिवाय अर्ज मंजूर होत नाही.

दुसरा दिवस : खानापूरजवळचं शेत

आत्याच्या गावात सकाळी सातलाच बायका भांगलणीला, म्हणजे पिकातलं तण काढायला, निघाल्या. या भागात भात पुष्कळदा धूळवाफेवर पेरतात. मेअखेरीस कोरड्या मातीत कुरीने बी टाकायचं आणि पावसाची वाट बघायची. भात आणि तण दोन्ही एकदमच उगवतात. रोपं लावलेली असली तर भाताला तणापुढे महिन्याभराची आघाडी मिळते, इथे ती नाही. म्हणून भांगलण इथे जीव काढते.

प्लास्टिकच्या कागदाच्या खोळी डोक्यावर, हातात खुरपी, वाकलेल्या नऊ बायका एका ओळीत पुढे सरकत होत्या. मी बांधावर छत्री धरून. आत्याच्या शेजारची मावशी सगळ्यांत वयस्कर, साठी ओलांडलेली. तिचा हात सगळ्यांत जलद. तिने दोन काडं उपटून माझ्यापुढे धरली.

"मास्तर, यातलं भात कंचं?"

दोन्ही हिरवी, दोन्ही सरळ, पानांची रुंदी तीच. मी छातीवर हात ठेवून डावीकडचं म्हटलं. नऊच्या नऊ बायका हसल्या.

मग तिने पान मागे वाकवून दाखवलं. पान जिथे काडाला भेटतं त्या सांध्यात भाताला एक पांढरट पापुद्रा असतो, नखाएवढाही नाही, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना बारीक केसाळ कानांसारखं काहीतरी. दुसऱ्या काडाला त्या जागी काहीच नव्हतं, सपाट. पुस्तकात या गवताला एकायनोक्लोआ म्हणतात, भातखाचरांतलं जगभरचं नामांकित तण. मावशीला पुस्तक लागत नाही. ती पान वाकवतही नाही, चालता चालता बोट सांध्यावरून फिरवते.

"सगळं निघतंय?" मी विचारलं.

"कुठलं निघतंय! जे बुडाला तांबडं, पसरून वाढलेलं, ते लांबनंच दिसतंय. ते जातंय. खरं हे भातासारखं हुबं ऱ्हायलेलं, हे चुकवतंय. शाणं हाय बघा ते."

मी तिथेच बांधावर बसलो, चिखलात. बावीस वर्षं मी जे शिकवत होतो ते तिने खुरप्याच्या दोन फटक्यांत सांगितलं होतं.

हिशेब करून बघा. समजा, वाफ्यात या गवताची शंभर रोपं आहेत. सगळी सारखी नाहीत. काही तांबूस, काही हिरवी, काही पसरट, काही उभी. मावशीच्या नजरेने नव्वद उपटली. उरलेली दहा कोणती? जी भाताच्या सगळ्यांत जवळची दिसतात ती. पुढच्या वर्षीच्या गवताचं बी या दहांचं. पुढच्या वर्षी पुन्हा भांगलण, पुन्हा तीच नजर. अशी पन्नास वर्षं, पाचशे वर्षं. कुणी गवताला भातासारखं दिसायला शिकवलं नाही, गवताने तसं ठरवलंही नाही. उलट मावशीला, तिच्या आईला, आईच्या आईला ते गवत मुळासकट नाहीसं करायचं होतं. नाहीसं करण्याच्या याच खटाटोपातून भाताची नक्कल घडली. म्हणून 'शाणं' हा एक शब्द सोडला तर मावशीचं सगळं बरोबर होतं.

या प्रकाराकडे पहिल्यांदा शास्त्रज्ञांचं लक्ष वेधलं ते रशियाच्या निकोलाय वाविलोव याने. राय हे धान्य मुळात गव्हातलं तण असावं, आणि गव्हाच्या चाळणीतून सुटता सुटता त्याचा दाणा गव्हासारखा होत गेला असावा, असं त्याचं म्हणणं. जगभरची बियाणी गोळा करणारा हा माणूस १९४३ मध्ये स्टालिनच्या तुरुंगात मेला. वारशाचं शास्त्र त्या राजवटीला परवडणारं नव्हतं. चीनच्या यांगत्से खोऱ्यात याच एकायनोक्लोआच्या जनुकांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथली भातासारखी दिसणारी शाखा साध्या तणापासून साधारण हजार वर्षांपूर्वी फुटली असा अंदाज निघाला. म्हणजे तिकडेही कुणाच्या तरी मावशीने हजार वर्षं भांगललं.

जेवायला बांधावरच भाकरी, वाटाण्याची उसळ, लसणाची चटणी. पुतण्या विचारात पडला होता. "काका, पण ते गवत अजून गवतच आहे की. नवी जात कुठं झाली?"

प्रश्न बरोबर होता. निवडीने समूह बदलतो हे बांधावर बसून दिसतं. पण एका समूहाचे दोन समूह व्हायचे, आणि ते पुन्हा एकमेकांत मिसळू नयेत, त्याला आणखी काहीतरी लागतं. मी म्हटलं, उद्या कणकुंबीला जाऊ.

तिसरा दिवस : जांबोटी, कणकुंबी, चोर्ला

आतेभावाची जुनी मारुती. जांबोटीच्या पुढे रस्ता जंगलात शिरतो. इथून भीमगड अभयारण्य फार लांब नाही. २०११ मध्ये ते जाहीर झालं. त्याच्या पोटात तळेवाडीजवळ बारापेडे गुहा आहेत आणि त्यांत एक वटवाघूळ राहतं, रॉटनचं वटवाघूळ. मुंबई इलाख्यातला जंगलखात्याचा एक अधिकारी रॉटन, त्याच्या नावावरून १९१३ साली ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ ऑल्डफील्ड थॉमसने वटवाघळाचं बारसं केलं. कित्येक दशकं जगात ते फक्त याच गुहांतून माहीत होतं. गुहांकडे जायला परवानगी लागते आणि पावसात वाटही नाही, त्यामुळे मी फक्त त्या दिशेला बोट दाखवलं. पुतण्या लगेच म्हणाला, "म्हणजे ही जात इथंच तयार झाली."

तसं नाही. पुढे मेघालयात आणि कंबोडियातही तेच वटवाघूळ सापडलं. एखादा जीव एकाच ठिकाणी दिसतो तेव्हा तो तिथे जन्मला असेल किंवा बाकी ठिकाणचे संपून तिथे उरला असेल, किंवा आपण बाकी ठिकाणी नीट शोधलंच नसेल. तिसरी शक्यता लोक फार पटकन विसरतात.

कणकुंबीला माउलीच्या देवळाजवळ मलप्रभेचा उगम. तिचं पाणी पूर्वेला जातं, कूडलसंगमला कृष्णेला मिळतं आणि बंगालच्या उपसागरात संपतं. याच डोंगरांतून म्हादई निघते, ती पश्चिमेला गोव्यात मांडवी होऊन अरबी समुद्रात. दोन समुद्रांच्या मधली सीमा इथे एका टेकाडाएवढी. (म्हादईच्या पाण्यावरून तीन राज्यांचा तंटा आहे, २०१० मध्ये लवाद बसला, २०१८ मध्ये निवाडा आला, तंटा आहे तिथेच आहे. त्यात पडत नाही, आधीच भिजलो होतो.)

माणसाला हे टेकाड म्हणजे दहा मिनिटांची चढण. माशाला मात्र ते टेकाड म्हणजे जगाचा शेवट. टेकाडाच्या अलीकडचा मासा आणि पलीकडचा मासा हजारो पिढ्या एकमेकांना भेटत नाहीत. अलीकडे झालेला बदल अलीकडेच राहतो. पाण्याचा वेग वेगळा, खाणं वेगळं, शत्रू वेगळे, तर निवडही वेगळ्या दिशेला ओढते. काही फरक तर निव्वळ योगायोगाने साचतात, विशेषतः समूह लहान असेल तर. मग कधीतरी एखादी नदी मागे मागे डोंगर खात दुसऱ्या नदीचा माथाच पळवते. भूगोलात याला नदीअपहरण म्हणतात. पाण्याबरोबर मासेही या खोऱ्यातून त्या खोऱ्यात येतात. तेव्हा परीक्षा होते. एकमेकांत विण झाली तर ती एक जात, नाही झाली तर दोन.

चहावाल्याच्या मागच्या बाजूला एक जण शेणखताचा ढीग ओढत होता. एकदम ओरडला, "साप! साप!" आणि फावडं उचललं. पुतण्या धावला. मी त्याच्या मागे धावलो, घसरलो, उजव्या कोपरावर आपटलो. पण फावडं थांबलं.

साप नव्हता, देवगांडूळ होतं. वीतभर लांब, शिशाच्या पेन्सिलीपेक्षा थोडं जाड, तांबूस-करडं, पाठीवर ओलाव्याची जांभळट चमक. अंगावर गांडुळासारखी वलयं, पण गांडूळ असं तोंड उघडत नाही आणि त्याला जबडा नसतो. हा बेडकाचा चुलतभाऊ, बिनपायाचा उभयचर. डोक्याच्या दोन्ही बाजूंना डोळे शोधले, दिसेनात. ओल्या पानावर घेतलं तर डोकं खाली खुपसून पानाखाली जायची धडपड, एखाद्या आंधळ्या बोटासारखी. कुठली जात ते सांगायला वलयं मोजावी लागतात. मी तेवीसपर्यंत आलो आणि ते निसटून ढिगात गेलं.

गेगेनिओफिस नावाच्या गटातल्या देवगांडुळांत डोळ्यांवर हाड आलेलं असतं. वर्गात उत्तर येतं, "वापरला नाही म्हणून डोळा गेला." हे डार्विनच्या आधीच्या लामार्कचं उत्तर. बापाने डोळा वापरला नाही म्हणून पोराचा डोळा बारीक होत नाही. मातीखाली अंधारात होतं असं की डोळा बिघडवणारा बदल एखाद्यात आला तरी त्याचं काही अडत नाही. उजेडात तो उपाशी मेला असता, इथे तो जगतो, त्याला पिल्लं होतात. उलट माती उकरताना हाडाने झाकलेलं डोकं जास्त कामाचं. निवडीचा पहारा एका दारावरून उठतो आणि दुसऱ्या दारावर बसतो.

आता नकाशा बघा. २००३ मध्ये आंबोलीहून या गटातली एक जात नोंदली गेली, बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या जे. सी. डॅनियल यांच्या नावाने. २००७ मध्ये चोर्ला परिसरातून दुसरी, म्हादईच्या नावाने. त्याच वर्षी घाट उतरून गोव्यात तिसरी. आंबोली ते चोर्ला हवाई अंतर पस्तीस किलोमीटरच्या आसपास. वाघ एका रात्रीत एवढं अंतर कापू शकतो. पण ओल्या मातीतून डोक्याने वाट काढणाऱ्या, उन्हात वाळून मरणाऱ्या जिवाला मधला एखादा कोरडा, उघडा पट्टा म्हणजे समुद्र. पाय नसलेल्या प्राण्याला नव्या जाती व्हायला फार लांब जावं लागत नाही.

फावडेवाला सगळं ऐकून म्हणाला, "म्हणजे चावत नाही?" मी म्हटलं, नाही. "मग आधी सांगायचं की."

चौथा दिवस : कॅसलरॉक

कोपर सुजलं होतं, तरी निघालो. लोंढ्याहून पुढे कॅसलरॉक. हा खरा तर उत्तर कन्नड जिल्हा, पण खानापूरकरांना ते आपलंच वाटतं. गोवा पोर्तुगीजांचा होता तेव्हा हद्दीजवळचं हे स्टेशन, प्रवाशांची तपासणी इथे व्हायची. आता ढगांत बुडालेला फलाट आणि मालगाड्यांची इंजिनं.

संध्याकाळ पडली तशी रस्त्याकडेच्या झुडपांतून टक्-टक्-टक् सुरू झालं. कुणीतरी गोट्या आपटतंय असा आवाज. बॅटरी लावून वीस मिनिटं शोधल्यावर, पायावर तीन जळवा घेऊन, कारवीच्या पानावर तो सापडला. अंगठ्याच्या पेराएवढा. हनुवटीखाली फुगलेला पारदर्शक फुगा, अंगापेक्षा मोठा वाटावा एवढा. हाक देताना सगळं शरीर धडधडत होतं. झुडुपी बेडूक. याच्या गटाला डबकं लागत नाही. अंड्यातून शेपटीवाला बेडूकमासा निघतच नाही, थेट इवलासा बेडूक बाहेर येतो.

या गटातल्या एका जातीचं नाव आहे 'बॉम्बेएन्सिस'. १९१९ साली नेल्सन अॅनंडेल या शास्त्रज्ञाने, भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेच्या पहिल्या संचालकाने, तिचं वर्णन केलं ते याच कॅसलरॉकच्या नमुन्यांवरून. तेव्हा हा भाग मुंबई इलाख्यात होता, म्हणून बेडूक मुंबईचा. १९५६ मध्ये राज्यांची फेरमांडणी झाली, गाव इकडे म्हैसूर राज्यात (आताच्या कर्नाटकात) गेलं, बेडकाचं नाव तिकडेच राहिलं. बेळगावात हे सांगितलं तर कुणीतरी त्याचं निवेदन करून द्यायचं.

पुतण्याने मोबाइलवर आवाज रेकॉर्ड केला. जरा पुढच्या झुडपातून दुसराच आवाज येत होता, लांब, किरकिरा. दोन जाती, दहा फुटांवर. इथे मधे टेकाड नाही, कोरडा पट्टा नाही, तरी मिसळत नाहीत, कारण मादी आवाज ओळखून जाते. ज्या माद्या चुकल्या आणि परक्याकडे गेल्या त्यांची पिल्लं अधू झाली किंवा झालीच नाहीत, तर चुकण्याची ती खोड पुढे फार जात नाही. कान अधिक पारखे होत जातात, हाका अधिक वेगळ्या.

हे होताना कुणी पाहिलंय का, असं त्याने विचारलं. बेडकांत नाही, पण पक्ष्यांत पाहिलंय. पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे जोडपं १९७३ पासून गॅलापागोसच्या डॅफ्नी मेजर या ओसाड बेटावर फिंच मोजत बसलं होतं. १९७७ च्या दुष्काळात मऊ बिया संपल्या, टणक उरल्या. जाड चोचीचे जास्त वाचले आणि पुढच्या पिढीची चोच मोजण्याइतकी जाड निघाली. तिथपर्यंत भांगलणीचीच गोष्ट. पण १९८१ मध्ये शंभर किलोमीटरवरच्या दुसऱ्या बेटावरून एक परका नर उडत आला. अंगाने मोठा, गाणं वेगळं. त्याने स्थानिक मादीशी घर केलं. त्याची पोरं बापाचं गाणं शिकली, आणि स्थानिक माद्यांना ते गाणं पटेना. मग ती आपसांतच विणू लागली. काही पिढ्यांत एक वेगळा गोतावळा उभा राहिला, बाकीच्यांच्या शेजारी राहणारा आणि त्यांच्यात न मिसळणारा. ही नवी जात म्हणायची का, यावर जाणकार अजून जपून बोलतात. बोलावंच. रेघ कुठे ओढायची हा प्रश्न आपला आहे, पक्ष्यांना तो पडलेला नाही.

रात्री परतताना पुतण्या मागच्या सीटवर रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा ऐकत होता. आतेभाऊ वैतागला, "बंद कर रे ते टकटक." मी सकाळी कोल्हापूरची गाडी पकडली, कुंद्याचा डबा मांडीवर.

ऑक्टोबरात पुतण्याने एक फोटो पाठवला. आत्याच्या शेजारचं शेत, भात अजून हिरवट-पिवळं, ओंब्या वाकलेल्या. त्यांच्यावर हातभर डोकं काढून उभी असलेली आठ-दहा काडं, तुरा रिकामा. भात कापायच्या आधीच बी झडून गेलेलं. जे विळ्याची वाट बघत थांबलं असतं ते भाताबरोबर खळ्यावर गेलं असतं. खाली मावशीचा निरोप त्याने तिच्याच शब्दांत लिहिला होता : "मास्तरला सांग, आता ओळखतो मी त्याला. खरं आता काय उपेग."